दक्षिण युटात आरव्ही: आधी टाक्यांचा हिशेब, मग कॅम्पग्राउंड

झायन, ब्राइस, कॅपिटॉल रीफ, आर्चेस ही नॅशनल पार्क. भारतातून आई-बाबा आले, मुलांना सुट्टी लागली की अमेरिकेतल्या मराठी घरांत दक्षिण युटाचा हा बेत हमखास निघतो. आठ-दहा दिवसांत चार-पाच हॉटेलं बदलून दर वेळी बॅगा उपसण्यापेक्षा पंचवीस-अठ्ठावीस फुटांची क्लास सी आरव्ही (ड्रायव्हरच्या डोक्यावरही पलंग असलेली घरगाडी) भाड्याने घेणं सगळ्यांनाच बरं वाटतं. मग नकाशा उघडायचा, पार्कच्या जवळ जे कॅम्पग्राउंड रिकामं दिसेल ते बुक करायचं. त्रास साधारण तिसऱ्या दिवशी सुरू होतो. सिंक-शॉवरच्या सांडपाण्याचा ग्रे टँक काठोकाठ भरलेला, बॅटरी उतरलेली, आणि पुढच्या दोन रात्री जिथे बुकिंग आहे तिथे ना वीज, ना डम्प स्टेशन, म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा.

या भागात गावं लहान आणि एकमेकांपासून लांब आहेत. पँग्विच, एस्कलांटे, टॉरी, हँक्सव्हिल ही नावं नकाशावर ठळक दिसली, तरी प्रत्यक्षात ती एक-दोन पेट्रोल पंप आणि थोड्या दुकानांची वस्ती असते. त्यामुळे मुक्काम निवडताना पहिला प्रश्न समोरचा कडा कसा दिसतो हा नसावा. गाडी तिथवर पोहोचेल का, आणि टाक्या तिथे किती दिवस पुरतील, हे आधी बघावं.

गाडीची उंची आणि रुंदी

भाड्याची गाडी ताब्यात घेताना बाहेरची उंची, रुंदी आणि लांबी लिहून घ्या आणि तो कागद ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर चिकटवा. छतावरच्या एसीसकट क्लास सीची उंची साधारण ११ ते १२ फूट भरते आणि रुंदी आठ फुटांच्या पुढे जाते.

झायनमध्ये हे आकडे लगेच कामाला येतात. झायन–माउंट कार्मेल रस्त्यावर १९३० मध्ये पूर्ण झालेला १.१ मैलांचा बोगदा आहे. त्याच्या भिंती कमानीसारख्या वळलेल्या आहेत, त्यामुळे उंच गाडीला रस्त्याच्या मधोमध चालावं लागतं. ११ फूट ४ इंच उंची किंवा ७ फूट १० इंच रुंदी झाली की समोरची वाहतूक थांबवून गाडी काढायची, अशी पद्धत वर्षानुवर्षं होती. जून २०२६ पासून मात्र या मापांपेक्षा मोठ्या, तसंच ३५ फूट ९ इंचांपेक्षा लांब किंवा ५०,००० पौंडांपेक्षा जड गाड्यांना त्या रस्त्यावरून सोडायचंच नाही, असं पार्कने जाहीर केलं. उंचीत बसणारी क्लास सी रुंदीत अडकते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कॅम्परव्हॅन बहुधा दोन्ही मापांत बसते.

म्हणून झायनच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेलहून ब्राइसकडे जायला मोठ्या गाडीने हरिकेन गावाकडे मागे यावं, युटा ५९ आणि पुढे ॲरिझोना ३८९ ने फ्रिडोनिया गाठावं, तिथून कनॅब आणि मग उत्तरेला यूएस ८९. वाट लांब आहे, पण बोगद्याच्या तोंडाशी जाऊन परत फिरण्यापेक्षा बरी. एक बारीक गोष्ट: ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. फ्रिडोनिया आणि कनॅब अगदी शेजारची गावं, तरी उन्हाळ्यात दोघांच्या वेळेत तासाचा फरक असतो. संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत पोहोचायचं असेल तर हा तास धरा. सॉल्ट लेक सिटीकडून आय-१५ ने येत असाल तर ब्राइससाठी युटा २० चा फाटा घ्या. दक्षिणेचा युटा १४ देखणा आहे, पण चढ-उतार तीव्र आणि माथा खूप उंच. नवख्या चालकाने तो टाळावा.

चार तऱ्हेची कॅम्पग्राउंड

नॅशनल पार्कच्या आतली जागा सगळ्यांना हवी असते, आणि सोयी तिथेच सगळ्यांत कमी असतात. झायनच्या वॉचमनमध्ये विजेचे खांब असलेल्या जागा आहेत, पण जागेवर पाणी आणि सांडपाण्याची जोडणी नाही. आवारात डम्प स्टेशन आहे. ब्राइसच्या नॉर्थ आणि सनसेट या दोन्ही ठिकाणी हुकअप, म्हणजे जागेवरच्या वीज-पाणी-सांडपाण्याच्या जोडण्या, नाहीत. कॅपिटॉल रीफच्या फ्रूटामध्ये ७१ जागा, हुकअप नाहीत, अंघोळीची सोय नाही, मात्र डम्प स्टेशन आहे. आर्चेसच्या डेव्हिल्स गार्डनमध्ये पिण्याचं पाणी मिळतं, डम्प स्टेशन नाही. ते प्रवेशद्वारापासून १८ मैल आत आहे, म्हणजे विसरलेल्या एका वस्तूसाठी छत्तीस मैलांचा फेरा.

राज्याच्या स्टेट पार्कांकडे मराठी मंडळींचं लक्ष कमी जातं. ते जायला हवं. ब्राइसजवळचं कोडॅक्रोम बेसिन आणि आर्चेसशेजारच्या मोॲब गावाजवळचं डेड हॉर्स पॉइंट ही दोन्ही ठिकाणं नॅशनल पार्कच्या तोडीची आहेत. डेड हॉर्स पॉइंटला वीज आहे, पण पाणी टँकरने वर आणतात. तिथे टाकी भरायला मिळेल असं धरून जाऊ नका, मोॲबमधून भरूनच वर चढा.

तिसरा प्रकार खाजगी आरव्ही पार्क. पँग्विच, टॉरी, कनॅब, मोॲब इथे ते आहेत. बाजूची गाडी दहा-पंधरा फुटांवर असते, देखावा बेताचा असतो, पण वीज, पाणी, सांडपाणी, गरम पाण्याची अंघोळ आणि कपडे धुण्याची मशीन मिळते. माझं स्पष्ट मत असं, की दर दोन कोरड्या, म्हणजे हुकअप नसलेल्या, रात्रींमागे एक रात्र अशा ठिकाणी काढावी. ती रात्र वाया जात नाही, पुढच्या दोन रात्री तिच्यावर उभ्या असतात.

चौथा प्रकार म्हणजे बीएलएम या केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या मोकळ्या जमिनी. तिथे पुष्कळ ठिकाणी फुकट राहता येतं, एका जागी २८ दिवसांत १४ दिवसांपर्यंत. पण भाड्याच्या गाडीच्या करारात बहुधा कच्च्या रस्त्यावर न्यायला बंदी असते, आणि पाऊस पडला की तिथली माती चाकांना लोण्यासारखी चिकटते. पहिल्या सहलीला हा प्रकार नको.

टाक्यांचा हिशेब

पंचवीस फुटी क्लास सीमध्ये साधारण ३५ ते ४० गॅलन ताजं पाणी, ३० गॅलनच्या आसपास ग्रे टँक आणि तेवढाच ब्लॅक टँक असतो. गॅलन म्हणजे ३.८ लिटर. ग्रे मध्ये सिंक आणि शॉवरचं पाणी जातं, ब्लॅकमध्ये संडासचं.

चार माणसं धरा. अंग ओलं करून नळ बंद, साबण लावून पुन्हा नळ सुरू, अशी अंघोळ केली तर माणशी ३ गॅलन. भांड्यांना दिवसाला ४ गॅलन. म्हणजे ग्रे मध्ये दिवसाला १६ गॅलन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकी भरली. ताज्या पाण्याची टाकीही जवळपास तेव्हाच तळ गाठते. घरच्यासारखा शॉवर सोडला तर पहिल्याच रात्री शॉवरच्या जाळीतून घाण पाणी वर येतं, कारण ग्रे टँक भरला की सगळ्यांत खालचं तोंड तेच असतं.

ब्लॅक टँक हळू भरतो, पण आपल्या घरांत संडासात पाणी वापरण्याची सवय असते. दर वेळी अर्धा लिटर वाढीव धरा. चार माणसांचे त्याने दिवसाला दोन-तीन गॅलन वाढतात. ते पाणी तसं चांगलंच, मैला सैल राहतो आणि डम्प करताना सहज वाहून जातो. फक्त टाकी तीन दिवसांऐवजी पाच दिवस चालेल असं कोणी सांगितलं, तर तो हिशेब कागद वापरणाऱ्यांचा आहे हे ध्यानात असू द्या. ओले वाइप्स कितीही ‘फ्लशेबल’ लिहिलेले असोत, टाकीत टाकू नका. कागद एकपदरी घ्या. झाकणाच्या बरणीत पाणी घालून त्यात तो हलवून बघा. मिनिटभरात विरघळला तर चालेल.

भिंतीवरच्या पॅनलवर टाक्या किती भरल्या ते दिवे दाखवतात. ब्लॅक टँकच्या दिव्यावर फार विसंबू नका. आतल्या सेन्सरला कागद चिकटला की रिकामी टाकीही दोन-तृतीयांश भरलेली दिसते. दिवस मोजा, तो हिशेब जास्त खरा.

यावरून मुक्कामांचा क्रम आपोआप ठरतो. वॉचमनला विजेच्या जागेवर दोन रात्री, निघताना तिथेच डम्प. मग ब्राइससाठी पार्कबाहेर किंवा पँग्विचला फुल हुकअपवर दोन रात्री. तिथे कपडे धुवायचे, पाणी काठोकाठ भरायचं. मग हायवे १२ ने फ्रूटाला दोन कोरड्या रात्री, निघताना डम्प. हँक्सव्हिलला पेट्रोल, युटा २४ ने आय-७०, ग्रीन रिव्हर, आणि मोॲबला पुन्हा फुल हुकअप. ब्राइसला आत राहायची फार इच्छा असेल तर फ्रूटाच्या आधी टॉरीला एक हुकअपची रात्र घाला.

बॅटरी, थंडी आणि उंची

ब्राइसचा कडा ८,००० फुटांच्या वर आहे. मे महिन्यात आणि सप्टेंबरअखेरही तिथे रात्री पाणी गोठू शकतं. दुपारी टी-शर्टमध्ये फिरलेली मंडळी पहाटे कुडकुडतात आणि फर्नेस (गाडीतला हीटर) रात्रभर चालू-बंद होत राहतो. फर्नेस प्रोपेनवर जळतो, पण त्याचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर ७ ते ८ अँपिअर ओढतो. दहा तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ चालला तर ३५ ते ४० अँपिअर-अवर गेले. शंभर अँपिअर-अवरची शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते. म्हणजे एक बॅटरी जेमतेम एक रात्र काढते. नव्या गाड्यांत १२ व्होल्टवर चालणारा कंप्रेसर फ्रिज असतो, तो दिवसाला ४० ते ६० अँपिअर-अवर आणखी खातो. गाडी घेताना दोन गोष्टी विचारा: राहत्या भागाला वीज देणाऱ्या बॅटऱ्या किती आणि कोणत्या, आणि फ्रिज प्रोपेनवर चालतो की १२ व्होल्टवर. आई-बाबांपैकी कोणी झोपताना सीपॅप (श्वासाला मदत करणारं यंत्र) लावत असेल तर कोरड्या रात्रींत त्याचा ह्युमिडिफायर बंद ठेवा. सगळ्यांत जास्त वीज तोच घेतो.

जनरेटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फ्रूटामध्ये तो सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ८ एवढाच लावता येतो. तेवढ्या वेळात अर्धवट बॅटरी पूर्ण भरत नाही, फक्त रात्र निभावते. तो गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो आणि टाकी पावपर्यंत आली की मुद्दाम बंद पडतो, गाडी अडकू नये म्हणून. जनरेटर सुरू होत नाही अशी तक्रार आली की आधी पेट्रोलचा काटा बघा. उंचीमुळे त्याची ताकदही दर हजार फुटांमागे साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. ४,००० वॉटचा जनरेटर ब्राइसला ३,००० वॉटच्या जवळपास उतरतो.

प्रोपेनचा अंदाज असा. तासाला ३०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) जाळणारा फर्नेस, आणि एका गॅलनमध्ये ९१,५०० बीटीयू. सलग तीन तास जळला की एक गॅलन संपला. थंड रात्री निम्मा वेळ जळला तर पावणेदोन गॅलनच्या आसपास. टाकीत नऊ गॅलन असतील तर पाच थंड रात्री, आणि स्वयंपाक व गरम पाणी वेगळं.

बुकिंगच्या पानावर काय वाचायचं

नॅशनल पार्कच्या बहुतेक जागा रिक्रिएशन डॉट गव्हवर सहा महिने आधी, रोज एक-एक तारीख पुढे सरकत उघडतात. वेळ पूर्वेकडच्या घड्याळाने सकाळी १०, म्हणजे युटाचे ८ आणि कॅलिफोर्नियाचे ७. स्टेट पार्कांच्या जागा चार महिने आधी उघडतात. न मिळाल्यास रद्द झालेल्या जागांची सूचना लावून ठेवा. शेवटच्या दोन आठवड्यांत बऱ्याच जागा सुटतात.

प्रत्येक जागेच्या माहितीत गाडीची कमाल लांबी दिलेली असते. ती गंभीरपणे घ्या. अठ्ठावीस फुटी गाडीसाठी ‘२७ फूट’ लिहिलेली जागा घेतली तर नाक रस्त्यावर येतं, आणि रेंजर उठवू शकतो. त्याखाली बॅक-इन (गाडी मागे घेत लावायची) की पुल-थ्रू (सरळ आत शिरून सरळ पुढे बाहेर पडायचं) ते लिहिलेलं असतं. पहिल्यांदा चालवणाऱ्याने थोडे पैसे जास्त पडले तरी पुल-थ्रू घ्यावी. जमिनीचा उतार पानावर नीट कळत नाही, म्हणून जागेचे फोटो बघा. फोटोत टेबल तिरकं दिसत असेल तर गाडीही तिरकीच उभी राहणार.

खाजगी पार्कला फोनच करा. विजेचा खांब ३० अँपिअरचा आहे ना, स्लाइडआउट (गाडीचा बाहेर सरकणारा भाग) उघडायला रुंदी पुरते का, सांडपाण्याचं तोंड त्याच जागेवर आहे की सामायिक डम्पवर जावं लागेल, आणि ऑक्टोबर किंवा एप्रिलमध्ये जात असाल तर नळ चालू असतात का. थंडीत नळ बंद ठेवणारी आणि डम्प स्टेशनला कुलूप लावणारी ठिकाणं इथे पुष्कळ आहेत. वाय-फायच्या भरवशावर ऑफिसची मीटिंग ठेवू नका, आणि फ्रूटामध्ये फोनची रेंज धरू नका. नकाशे आधीच उतरवून घ्या.

जागा निवडताना कोरड्या ओढ्याच्या पात्रालगतची, वाळूची सपाट जागा कितीही मोहात पाडणारी असली तरी घेऊ नका. जुलै ते सप्टेंबर हा इथला पावसाळी वादळांचा काळ. वीस मैलांवर पडलेला पाऊस निरभ्र आकाशाखाली लोंढा होऊन येतो.

पोहोचल्यावर

उजेडात पोहोचा. एकाने खाली उतरून मागे उभं राहावं, चालकाला आरशात दिसेल असं. तो आरशातून दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, हा नियम मोडू नये. वर झाडाची फांदी, मागे टेबल आणि बाजूला विजेचा खांब बघा. वळताना मागचं शेपूट बाहेर झुकतं, आणि खांब त्यानेच मोडतो.

आधी गाडी सपाट करा. पिवळे प्लास्टिकचे ठोकळे खालच्या बाजूच्या चाकांसमोर ठेवून त्यावर हळू चढवा, मग गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना अडकण लावा. प्रोपेनवर चालणारा फ्रिज तिरका राहिला तर आतलं द्रावण वाहत नाही, फ्रिज गार होत नाही, आणि फार वेळ तसाच चालवला तर कायमचा जातो. सपाट झाल्यावर स्लाइडआउट.

मग वीज. खांबावरचा ब्रेकर बंद करा, आधी सर्ज प्रोटेक्टर लावा, ब्रेकर चालू करून त्याचे दिवे वाचा. उलटी जोडणी किंवा अर्थिंग नसल्याचा दिवा लागला तर गाडी जोडू नका, दुसरी जागा मागा. ठीक असेल तर ब्रेकर पुन्हा बंद, गाडीची केबल लावा आणि मग चालू. जुन्या पार्कांत उन्हाळ्याच्या दुपारी सगळ्यांचे एसी लागले की व्होल्टेज पडतं. ते १०४ च्या खाली गेलं तर एसीचा कंप्रेसर जळण्याची भीती असते, आणि चांगला प्रोटेक्टर स्वतःच वीज तोडतो.

तीस अँपिअर म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट. एसी १३ ते १५ अँपिअर, मायक्रोवेव्ह १० ते १३, गरम पाण्याची विजेची कॉइल १२, १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी १५, केस वाळवायचं यंत्र १२ च्या पुढे. शिवाय बॅटरी भरणारा कन्व्हर्टर मागे चालूच असतो. यांतली दोन एका वेळी काठावर चालतात, तिसरं लावलं की ब्रेकर पडतो. गरम पाणी गॅसवर करा, विजेवर मोकळीक मिळते. खांबावर फक्त ५० अँपिअरचं भोक असेल तर ५० चं ३० करणारा अडॅप्टर लागतो. तो भाड्याच्या सामानात आहे का हे आधीच बघा.

पाण्याच्या नळाचं तोंड पुसून अर्धा मिनिट पाणी वाहू द्या. आधी प्रेशर रेग्युलेटर, तोही नळाशी, म्हणजे होजसुद्धा वाचतो. दाब ४० ते ६० पीएसआय असावा. काही पार्कांत तो शंभरच्या पुढे असतो, आणि गाडीतले प्लास्टिकचे सांधे सिंकखाली सुटतात. मग फिल्टर, पिण्याच्या पाण्याचा होज आणि गाडीवरचं ‘सिटी वॉटर’ लिहिलेलं तोंड. शेजारीच ब्लॅक टँक धुण्याचं तसंच दिसणारं तोंड असतं. तिथे होज लावून नळ सोडून दिला तर टाकी भरून संडासातून वर येते. गरम पाण्याची विजेची कॉइल, टाकीत पाणी भरल्याची खात्री झाल्याशिवाय लावू नका. रिकाम्या टाकीत ती काही सेकंदांत जळते.

थंड रात्र असेल तर संध्याकाळीच पाण्याचा होज काढून आत ठेवा, टाकीतलं पाणी पंपावर वापरा आणि सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, म्हणजे फर्नेसची ऊब पाइपांपर्यंत जाते.

सांडपाणी

फुल हुकअपवरही ब्लॅक टँकचा वॉल्व्ह बंदच ठेवा. तो उघडा राहिला तर पाणी निघून जातं आणि मैला तळाशी ढिगाऱ्यासारखा साचून सुकतो, मग तो काढायला माणूस बोलवावा लागतो. टाकी दोन-तृतीयांश भरल्यावर डम्प करा. कमी भरली असेल तर संडासातून बादलीने पाणी घालून पातळी वाढवा.

रबरी हातमोजे घाला. टोपण काढण्याआधी दोन्ही वॉल्व्ह बंद आहेत हे हाताने दाबून बघा. होजची खिट्टी गाडीच्या तोंडावर फिरवून घट्ट बसवा, दोन्ही बाजूंचे कान अडकलेले दिसले पाहिजेत. दुसऱ्या टोकाचं कोपर जमिनीतल्या भोकात घाला, आटे असतील तर फिरवा, नसतील तर वर दगड ठेवा. आधी ब्लॅक ओढा. आवाज थांबला की बंद करा, संडासातून दोन-तीन बादल्या पाणी घालून पुन्हा एकदा सोडा. मग ग्रे. त्याच्या साबणाच्या पाण्याने होज धुऊन निघतो, क्रम तसा ठेवण्याचं कारण हेच. शेवटी गाडीकडचं टोक आधी सोडवा, होज उचलून सगळं खाली ओघळू द्या, मग दुसरं टोक. ब्लॅक टँकमध्ये एक-दोन गॅलन पाणी आणि औषधाची पुडी परत घाला. कोरड्या टाकीत मैला तळाला चिकटतो.

डम्प स्टेशनवर होज धुण्यासाठी जो नळ असतो तो पिण्याच्या पाण्याचा नव्हे. पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा असतो, पाटी वाचूनच टाकी भरा.

आपला स्वयंपाक

आठ हजार फुटांवर पाणी साधारण ९२ अंश सेल्सियसला उकळतं. पातेल्यात तूरडाळ शिजत नाही, भात कणीदार राहतो. कुकर हवाच, आणि नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर गाडीच्या १२० व्होल्टवर चालणार नाही. चटण्या, वाटण, गोडा मसाला घरूनच डब्यांत भरून न्या. फोडणीआधी वरचा पंखा लावा आणि छतावरची झडप उघडा, नाहीतर मोहरी तडतडताच धुराचा अलार्म ओरडतो. अलार्मची बॅटरी काढून ठेवणं धोक्याचं आहे. प्रोपेनचा अलार्म जमिनीलगत असतो कारण तो वायू हवेपेक्षा जड. त्याच्यासमोर पिशव्या रचू नका. गारठ्यात ऊब म्हणून शेगडी पेटवून ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तेलकट कढई आणि डाळीचं पातेलं आधी कागदाने पुसा, मग धुवा. ग्रे टँकमध्ये तेल आणि कण गेले की दोन दिवसांत गाडीभर कुजका वास येतो, आणि पाणीही दुप्पट लागतं. पोळ्या घरून लाटून, अर्धवट भाजून नेल्या तर कोरड्या रात्रींत फार सोय होते.

झोपायच्या जागा ठरवताना ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग आजी-आजोबांना देऊ नका. शिडी उभी आणि छत बसता येणार नाही इतकं खाली असतं. त्यांना मागचा पलंग द्या, संडासही जवळ पडतो.

रस्ते आणि पेट्रोल

हायवे १२ क्लास सीला चालतो. एस्कलांटे आणि बोल्डर यांच्यामध्ये हॉगबॅक नावाचा अरुंद कणा आहे, दोन्हीकडे खोल उतार. तो दिवसाउजेडी आणि वारा नसताना ओलांडावा. पुढे बोल्डर माउंटनवर रस्ता ९,६०० फुटांपर्यंत चढतो. मोकळी गुरं आणि संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. खालचा गिअर टाका, वेग वाढला की एकदा जोरात ब्रेक दाबून सोडा. सतत हलका ब्रेक लावला तर तो तापतो, आणि जळका वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

मोकी डगवे, म्हणजे युटा २६१ वरचा तीन मैलांचा कच्च्या खडीचा घाट, तिथे २८ फूट आणि १०,००० पौंडांपेक्षा मोठ्या गाड्या नेऊ नयेत असा इशारा आहे. भाड्याच्या क्लास सीने तो घाट घेऊच नये. आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना या शंभरहून जास्त मैलांत एकही पेट्रोल पंप नाही. युटा ९५ वर हँक्सव्हिल सोडलं की ब्लँडिंगपर्यंत जवळपास तीच स्थिती. ही गाडी गॅलनला आठ-दहा मैल देते, तेव्हा काटा निम्म्यावर आला की भरा.

वारा दुपारनंतर अचानक उठतो. ट्रेलला निघताना ऑनिंग (गाडीच्या बाजूचं कापडी छप्पर) गुंडाळूनच निघा, दहा मिनिटांसाठी असलं तरी. फाटलेल्या ऑनिंगचा खर्च बहुधा विम्यात येत नाही, तो डिपॉझिटमधून जातो.

निघायच्या सकाळी सगळं उलट्या क्रमाने करायचं. एकाने आतून कपाटं, फ्रिजची खिट्टी, छताची झडप आणि स्लाइडआउट बघायचं, दुसऱ्याने बाहेरून वीज, पाणी, सांडपाण्याचं टोपण, ऑनिंग आणि पायरी. टायरची हवा थंड असतानाच मोजा, दाराजवळच्या पाटीवरचा आकडा थंड टायरचाच असतो. मग दोघांनी जागा बदलून एक-एक फेरी पुन्हा मारा. गाडी दहा फूट पुढे घेऊन थांबवा आणि उतरून मागे बघा. ठोकळे आणि पाण्याचा रेग्युलेटर बहुतेक तिथेच राहिलेले असतात.